आरोग्य विम्याचा कायदा बदलला तर सरकारी तिजोरीवर बोजा किती? घरी बसून हिशेब कसा लावायचा

मागे आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं मेसेज टाकला होता. सोलापूर जिल्ह्यात दहा लाख कुटुंबं, प्रत्येकाला पाच लाखाचं कव्हर, म्हणजे एकट्या सोलापूरचा खर्च पन्नास हजार कोटी, झालं, सरकार बुडालं. खाली अंगठ्यांची रांग. आता गुणाकार बघितला तर एकदम बरोबर आहे बरं का, कॅल्क्युलेटरवर करून बघा, पन्नास हजार कोटीच येतात. पण असा हिशेब लावायचा तर प्रत्येक घरातला माणूस दरवर्षी पाच लाखाचं ऑपरेशन करून घेतोय असं धरावं लागेल, म्हणजे अख्खा जिल्हा बेडवर आणि भाकरी थापायला पण कोणी नाही.

मी काही वर्षं एका हॉस्पिटलच्या योजनेच्या काउंटरवर क्लेमच्या फायली लावल्यात, आता संध्याकाळी पोरांना अर्थशास्त्र शिकवतो. स्पर्धा परीक्षेची पोरं, दोनतीन पत्रकार, एक माजी नगरसेवक, सगळे हाच प्रश्न विचारतात की सगळ्यांना आरोग्य विमा देणारा असा कायदा आला तर सरकारला पडणार किती. म्हणून एकदा नीट सगळं लिहून टाकतोय. एक एक्सेल शीट, एक वही आणि दोन संध्याकाळी हाताशी पाहिजेत. खाली सोलापूरचं जे उदाहरण सोडवलंय त्यातले कुटुंबांचे आणि क्लेमचे आकडे मी धरलेले आहेत, सरकारी नाहीत, तुम्ही तुमचे टाका. पद्धत तीच राहते.

आधी कागद वाचा, पेपरातली बातमी नको

बातमीत "पाच लाखापर्यंत मोफत उपचार" एवढंच असतं. आपल्याला पाच गोष्टी पाहिजेत: कोणाला, कशासाठी, किती मर्यादेपर्यंत, पैसे कोण देणार, आणि कधीपासून. ह्या पाचातली एक जरी सापडली नाही तरी पुढे जाऊ नका, कारण तिथं तुम्ही मनानं काहीतरी भरणार आणि शेवटी तोच आकडा अंगावर येणार.

आपल्याकडे अडचण अशी की असले बदल बहुतेक वेळा विधेयक म्हणून येतच नाहीत, जीआर (शासन निर्णय) म्हणून येतात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं (गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे बाकीचे). नोव्हेंबर २०१३ ला ती राज्यभर गेली, २०१७ ला नाव महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना झालं, १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना पाच लाख. एवढा प्रवास झाला तो बराचसा मंत्रिमंडळाच्या निर्णयांवर आणि जीआरवर. उलट राजस्थाननं २०२३ ला आरोग्याच्या हक्काचा सरळ कायदाच केला. विधेयक असेल तर एक फायदा असतो, राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर त्याला वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज सांगणारी टीप, जोडावं लागतं आणि घटनेच्या अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते. ते ज्ञापन शेवटच्या पानांत असतं, पहिल्यांदा तेच उघडा. जीआरमध्ये शेवटाला लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधला त्या खर्चाचा खाते क्रमांक, लिहिलेलं असतं, २२१० नं सुरू होणारा मोठा आकडा, म्हणजे वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य. तो वहीत उतरवून घ्या, शेवटी कामाला येतो.

बेसलाइन: कायदा आलाच नसता तर

ही पायरी चुकली की पुढचं सगळं वाया, म्हणून हिच्यावर जास्त वेळ घालवा. कायद्याचा खर्च म्हणजे योजनेचा एकूण खर्च नाही. कायदा आल्यावर जो खर्च होईल त्यातून कायदा न येताही जो झालाच असता तो वजा करायचा, जो फरक उरतो तेवढाच कायद्याच्या नावावर टाकायचा. आणि "न येताही झाला असता" म्हणजे मागच्या वर्षीचा आकडा नव्हे, कारण काही नाही बदललं तरी म्हातारी माणसं वाढतात, डायलिसिसवाले वाढतात, पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचाराचे ठरलेले, दर सुधारले जातात.

अमेरिकेत हे काम करायला संसदेचं वेगळं ऑफिसच आहे, काँग्रेशनल बजेट ऑफिस, १९७४ च्या कायद्यानं झालेलं. ते आधी दहा वर्षांची बेसलाइन मांडून ठेवतात आणि मग येईल ते विधेयक त्या रेषेवर ठेवून बघतात की रेष वर गेली का खाली. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्यात विमा वाढवण्याचा ठोक खर्च दहा वर्षांत ९३८ अब्ज डॉलर सांगितला होता, आणि त्याच पॅकेजमुळे तूट मात्र १४३ अब्ज डॉलरनं कमी होईल असंही सांगितलं होतं. एकाच कागदात दोन्ही आकडे, आणि ज्याला जो पाहिजे तो त्यानं उचलला. खर्च वाढूनही तूट कमी कशी, तर दुसऱ्या बाजूला नवीन कर होते आणि ज्येष्ठांच्या मेडिकेअरमध्ये कपात होती. म्हणून कोणी आकडा फेकला की पहिलं विचारायचं, ठोक का निव्वळ, म्हणजे वजाबाकीच्या आधीचा का नंतरचा?

आता आपलं उदाहरण. समजा योजना अजून २०२० च्या रूपात आहे (पांढरं कार्डवाले बाहेर, आयुष्मानची यादी सोडून बाकीच्यांना दीड लाखाची मर्यादा) आणि नवीन कायदा सगळ्यांना पाच लाख द्यायचं म्हणतोय. जिल्ह्यात १० लाख कुटुंबं धरू, त्यातली ७ लाख आधीच योजनेत. वर्षाला शंभर कुटुंबांमागे ३ क्लेम, सरासरी क्लेम २५ हजार. म्हणजे २१ हजार क्लेम आणि ५२ कोटी ५० लाख रुपये. ही झाली बेसलाइन.

लगेच पुढे पळू नका, हा आकडा जमिनीवर आहे का ते बघा. ५२.५ कोटी भागिले ७ लाख, कुटुंबामागे ७५० रुपये. २०२० च्या करारात सरकार विमा कंपनीला कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये प्रीमियम देत होतं. म्हणजे आपण जवळपास आहोत, रानात भरकटलो नाही. असा एखादा बाहेरचा आकडा प्रत्येक टप्प्यावर शोधायचाच, नाहीतर एक शून्य कुठं जास्त पडला ते शेवटपर्यंत कळत नाही. (माझ्याकडून एकदा एका कॉलममध्ये लाख आणि शेजारच्या कॉलममध्ये कोटी असं झालं होतं आणि मी ते पोरांसमोर फळ्यावर लिहून मोकळा झालो होतो. मागच्या बाकावरच्या पोरीनं पकडलं.)

डोकी मोजताना

जनगणना २०११ प्रमाणे सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार. त्यानंतरची जनगणना हातात नाही, म्हणून वाढ धरून चालावं लागतं. पण खरा घोळ कुटुंबाच्या व्याख्येत आहे. योजना कुटुंब मोजते रेशन कार्डावरून, जनगणना मोजते चुलीवरून, आणि आपल्याकडे एका वाड्यात चार भाऊ, दोन चुली आणि तीन कार्डं असं असतं. कव्हर जर कार्डामागे असेल तर कायदा आला की कार्डं फुटतात, म्हाताऱ्या आईबापाचं वेगळं कार्ड निघतं, आणि दोष कोणाला द्यायचा, मीही तेच केलं असतं.

यादीवर पण डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं २०२३ च्या अहवालात दाखवलं की आयुष्मान भारतच्या यादीत साडेसात लाखाच्या आसपास लाभार्थी ९९९९९९९९९९ ह्या एकाच मोबाइल नंबरला जोडलेले होते. त्यातले सगळे खोटे असतील असं नाही, ऑपरेटरला नंबर भरणं सक्तीचं असलं की तो नऊ दाबून मोकळा होतो. पण नोंदणीचा आकडा म्हणजे वापरणाऱ्यांचा आकडा नव्हे, एवढं त्यावरून डोक्यात ठेवा.

आणि ज्यांना आधीच दुसरं छप्पर आहे ते वेगळे काढा. एमआयडीसीतल्या कारखान्यात २१ हजारापर्यंत पगार असणारा कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात असतो, मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. सरकारी नोकरांना वैद्यकीय प्रतिपूर्ती आहे. नवी पेठेतल्या दुकानदाराकडे मेडिक्लेम आहे. हे सगळे नवीन कायद्यात कागदावर येतील, पण खर्चात तेवढे येणार नाहीत.

पात्र असणं आणि क्लेम होणं

काउंटरवरची एक गोष्ट सांगतो. पूर्व भागातल्या एक अक्का आल्या होत्या, विडी वळणाऱ्या, बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी पडलेली. नवऱ्याला छातीत दुखत होतं. रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात. केशरी कार्ड, सगळं बरोबर, फक्त कार्डावर नवऱ्याचं आडनाव एका अक्षरानं वेगळं आणि आधारवर वेगळं, तेलुगू आडनाव मराठीत लिहिताना दोन बाबूंनी दोन प्रकारे लिहिलेलं. आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेच्या काउंटरवरच्या मदतनिसानं, दुरुस्ती करून आणायला सांगितली. अक्का म्हणाल्या, "दोन दिवस गेले तर दोन हजार विड्या गेल्या की रे बाळा." त्या परत आल्याच नाहीत. उसने काढून दुसरीकडे गेल्या असं नंतर कळलं.

सरकारच्या हिशेबात ते घर पात्र होतं आणि त्याचा क्लेम शून्य होता. अशी घरं हजारोंनी आहेत, म्हणून पात्र कुटुंबं गुणिले सरासरी खर्च असं कधीच करायचं नसतं, मधे वापराचा दर टाकावा लागतो. आता कायद्यानं जर म्हटलं की रेशन कार्डाची अट गेली, नुसतं आधार चालेल, तर मर्यादा एक रुपयानं न वाढवता पण खर्च वाढतो. बातमीत असलं कलम कुठंच येत नाही.

मर्यादा वाढली: इथं लोक हमखास जास्त मोजतात

दीड लाखाचे पाच लाख झाले, म्हणजे तिपटीहून जास्त, म्हणून खर्चही तिप्पट? अजिबात नाही. योजनेत पॅकेजचे दर ठरलेले असतात आणि बहुतेक क्लेम दीड लाखाच्या कितीतरी खाली असतात. मोतीबिंदूवाल्याला मर्यादा दीड लाख असो की पंचवीस लाख, काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो मर्यादेला जाऊन धडकणाऱ्यांना, कॅन्सर, मोठी हृदयशस्त्रक्रिया, लांबलेलं आयसीयू.

आणि इथं बेसलाइनचा एक खड्डा आहे. २०२० पासूनच्या जोडयोजनेत आयुष्मान भारतच्या यादीतल्या कुटुंबांना आधीच पाच लाख मिळत होते, दीड लाखाची मर्यादा उरलेल्यांना होती. आपल्या ७ लाखातली २.५ लाख आयुष्मानवाली धरली तर मर्यादा वाढल्याचा परिणाम फक्त ४.५ लाख कुटुंबांवर. त्यांचे क्लेम १३,५००. त्यातले ३ टक्के, ४०५, मर्यादेला धडकतात आणि आता त्यांचे सरासरी ९० हजार जास्त द्यावे लागतील असं धरू: ३ कोटी ६५ लाख. शिवाय काहीजण असे असतात की वरचे पैसे नाहीत म्हणून ऑपरेशनच करत नव्हते, ते आता येतील. असे २०० धरा, प्रत्येकी २ लाख ६० हजार, म्हणजे ५ कोटी २० लाख. मिळून ८ कोटी ८५ लाख. सातही लाख कुटुंबांवर हिशेब लावला असता तर फुकट दीडपट फुगला असता.

नवीन आलेली तीन लाख कुटुंबं

पांढरं कार्डवाले आणि कार्ड नसलेले. ह्यातल्या १ लाख कुटुंबांकडे दुसरं कव्हर आहे असं धरू, ते शंभरात १ क्लेम करतील, कारण त्यांना एसी रूम आणि ओळखीचा डॉक्टर पाहिजे असतो. उरलेली २ लाख शंभरात २.५. मिळून १,००० अधिक ५,०००, म्हणजे ६ हजार क्लेम, सरासरी २८ हजार (ही माणसं वयानं जरा मोठी, शहरातली, आजार महागडे), १६ कोटी ८० लाख. आपल्या अख्ख्या हिशेबातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कच्चा आकडा हाच, ह्याच्याकडे परत येऊ.

दडून बसलेले

नवीन कायद्याची जाहिरात होते, एसटीवर बॅनर लागतात, आशाताई घरोघरी सांगतात, आणि मग जे आधीपासून पात्र होते पण ज्यांना माहीतच नव्हतं तेही येतात. कायद्यानं त्यांना नवीन काही दिलेलं नाही तरी खर्च कायद्यामुळेच झाला, म्हणून तो धरायचा. जुन्या ७ लाखांचा दर ३ वरून ३.३ गेला तर २,१०० क्लेम जास्त, ५ कोटी २५ लाख.

विमा मिळाला की वापर वाढतो, ह्याचे पुरावे चांगले आहेत. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेनं कुटुंबांना वेगवेगळ्या योजना वाटून प्रयोग केला, ज्यांना सगळं फुकट होतं त्यांचा खर्च खिशातून भरणाऱ्यांपेक्षा बराच जास्त निघाला. २००८ ला ओरेगन राज्यानं सरकारी विम्याच्या जागा चक्क लॉटरीनं दिल्या, त्यात विमा मिळालेल्यांचा आरोग्य खर्च पहिल्या वर्षात साधारण २५ टक्क्यांनी वाढला. काही लोक ह्याला उधळपट्टी म्हणतात. मला नाही पटत, अक्काच्या नवऱ्याची अँजिओग्राफी झाली असती तर ती पण ह्याच "वाढलेल्या वापरात" मोजली गेली असती. बजेट लावताना मात्र चांगलं वाईट ठरवत बसायचं नाही, रुपये मोजायचे.

तीन आकड्यांची बेरीज: ८.८५ अधिक १६.८ अधिक ५.२५, म्हणजे ३० कोटी ९० लाख. वर कारभाराचा खर्च, क्लेम तपासणारी एजन्सी, आरोग्यमित्र, कार्ड छपाई, ६ टक्के धरा, १ कोटी ८५ लाख. झाले ३२ कोटी ७५ लाख.

वजाबाकी, आणि खोटी वजाबाकी

आता दुसरी बाजू. क्लेमचा काही भाग सरकारी हॉस्पिटलला जातो, आपल्या सिव्हिललाही. म्हणजे सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. त्या पैशातून सिव्हिल इम्प्लांट, औषधं, साहित्य घेतं, जे नाहीतर खात्याच्या अनुदानातून घ्यावं लागलं असतं. ३० टक्के क्लेम सरकारीत धरले तर ९ कोटी २७ लाख, त्यातला निम्मा खरोखरची बचत समजू, ४ कोटी ६४ लाख. निम्माच का, तर बाकीच्या पैशातून जास्तीचं काम होतं, जुनं काम वाचत नाही. निव्वळ उरले २८ कोटी ११ लाख.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीवरचा भार कमी होईल म्हणून तोही वजा करा असं मला एकानं सांगितलं होतं. तो निधी लोकांच्या देणग्यांवर चालतो, बजेटचा पैसा नाही तो, वजा करायचा नाही. तसंच "लोक निरोगी होतील, जास्त कमावतील, जास्त कर भरतील" हेही नाही. असेल खरं, पण पाच वर्षांच्या शीटमध्ये त्याला घर देऊ नका. लोकांच्या खिशातला खर्च वाचतो हा तर कायद्याचा मूळ हेतूच आहे, देशात एकूण आरोग्य खर्चात खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९.४ वर आला, पण तो घराच्या वहीत लिहायचा, सरकारच्या नाही.

कराचं बघायचं असतं ते वेगळं. नवीन कव्हर आलं की काहीजण खासगी मेडिक्लेम सोडतात. पूर्वी त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी होता आणि निम्मा राज्याला यायचा, म्हणजे तेवढं उत्पन्न बुडालं असं लिहावं लागायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीच शून्य झाला. त्यामुळे ही ओळ आता कोरी. दोन वर्षांपूर्वी कोणी केलेली शीट तशीच उचललीत तर इथं फसाल.

कोणाची तिजोरी?

केंद्र आणि राज्य वेगळं करायचं. आयुष्मान भारतमध्ये महाराष्ट्रासाठी केंद्र ६० आणि राज्य ४०, पण ते केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांपुरतं, आणि केंद्राच्या वाट्याला कुटुंबामागे कमाल मर्यादा असते. राज्यानं स्वतःहून जोडलेली कुटुंबं शंभर टक्के राज्याच्या डोक्यावर. आपल्या उदाहरणात केंद्राचा वाटा फक्त दडलेल्यांमधल्या आयुष्मान कुटुंबांवर येतो: ५.२५ कोटीतला २.५/७ भाग म्हणजे १.८८, त्याचे ६० टक्के, १ कोटी १३ लाख. राज्यावर उरले साधारण २७ कोटी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना केंद्रानं आयुष्मानमध्ये घेतलंय, त्यांचं धरायचं असेल तर वेगळी ओळ काढा, कारण तिथं वाटणी बदलते.

आपण सीमेवरचे, म्हणून अजून एक. विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंट सोलापुरात येतात. आयुष्मान कार्ड असेल तर ते देशात कुठंही चालतं आणि पैसे त्यांच्या राज्याच्या खात्यातून येतात. पण २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू केली, त्यांचे पैसे आपल्याकडून. जिल्ह्यात ॲडमिट झालेले पेशंट मोजून खर्च काढायला गेलात तर हे सगळं मिसळतं.

कॅलेंडर

२७ कोटी हा योजना पूर्ण रुळल्यावरचा, आजच्या भावातला वर्षाचा आकडा. तो पहिल्या वर्षात कधीच येत नाही. कायदा १ ऑक्टोबरला लागू, पेशंट ॲडमिट, मग क्लेम, मग शंका, मग उत्तर, मग पैसे, म्हणजे ३१ मार्चपर्यंत जेमतेम तीन महिन्यांचे पैसे जातात आणि वापरही निम्माच. २७ गुणिले अर्धा गुणिले पाव, ३ कोटी ४० लाख. दुसऱ्या वर्षी पाऊण वापर आणि ८ टक्के भाववाढ धरली तर २१.९. तिसऱ्याला पूर्ण वापर, ३१.५. मग ३४, मग ३६.७. पाच वर्षांचे मिळून साडे एकशे सत्तावीस कोटी, आणि पाचवं वर्ष पहिल्याच्या दहापटीहून जास्त. मंत्री सभागृहात पहिल्या वर्षाचा आकडा सांगतात, विरोधक पाच वर्षांचा सांगतात, दोघंही खरंच बोलत असतात.

वेळेचा खेळ किती मोठा असू शकतो ते २०१० च्या त्याच अमेरिकन कायद्यातल्या क्लास नावाच्या तरतुदीत दिसतं. दीर्घकाळच्या देखभालीचा विमा होता, पाच वर्षं हप्ते भरल्यावरच लाभ मिळणार. दहा वर्षांच्या खिडकीत पैसे नुसते जमा होताना दिसले, ७० अब्ज डॉलरची बचत लिहिली गेली. पुढे हे पेलणारच नाही हे कळलं आणि २०१३ च्या जानेवारीत ती तरतूदच रद्द केली. खिडकीच्या बाहेर वाकून बघायची सवय लावून घ्या.

आणि पैसे कुठल्या वाटेनं जाणार तेही बघा. वरचा हिशेब हमी पद्धतीचा, म्हणजे क्लेम येईल तसं सरकार स्वतः भरतं. विमा पद्धतीत प्रीमियम आधी जातो. आपले एकूण क्लेम ५२.५ अधिक ३०.९, म्हणजे ८३.४ कोटी, दहा लाख कुटुंबांवर वाटले तर ८३४ रुपये. कंपनी स्वतःचा खर्च, नफा आणि भीती मिळून १५ टक्के चढवेल असं धरलं तर ९५९. दहा लाख कुटुंबांचे ९५ कोटी ९० लाख, जुने ७९७ प्रमाणे ७ लाखांचे ५५ कोटी ८० लाख. वर्षाचा प्रीमियम एकदम भरला तर पहिल्याच वर्षी ४० कोटींचा फरक. कायदा तोच, माणसं तीच, एका वाटेनं ३.४ आणि दुसऱ्या वाटेनं ४०.

एक आकडा सांगू नका

आता त्या कच्च्या आकड्याकडे परत. नवीन २ लाख कुटुंबांचा दर २.५ च्या जागी १.५ टाका, मग ३.५ टाका. शीट आपोआप २२ कोटी आणि ३२ कोटी दाखवेल. म्हणजे उत्तर आहे "२२ ते ३२, बहुतेक २७ च्या आसपास", आणि ते असंच सांगायचं. मग सरासरी क्लेम हलवून बघा, मर्यादेला धडकणाऱ्यांची टक्केवारी हलवून बघा. जो आकडा हलवला की उत्तर सगळ्यात जास्त हलतं, त्याच्यावर फोन करा, माहिती अधिकार टाका, काउंटरवरच्या पोराला चहा पाजा. बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

मोठी ऑफिसंही चुकतात. २००३ ला अमेरिकेत ज्येष्ठांच्या औषधांच्या कायद्याला संसदेच्या ऑफिसनं दहा वर्षांचे ३९५ अब्ज सांगितले, सरकारच्या स्वतःच्या तज्ज्ञानं ५३४, आणि प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा कमी झाला. २०१२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं गरिबांच्या योजनेचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला आणि अंदाज एका झटक्यात ८४ अब्जांनी खाली आला. कोर्ट काय करेल हे शीटमध्ये कुठून आणणार. म्हणून प्रत्येक गृहीतक शेजारच्या कॉलममध्ये लिहून ठेवा, कुठून घेतलं, कोणत्या तारखेला, आणि पिवळा रंग द्या म्हणजे धरलेला आणि मिळालेला आकडा वेगळा दिसतो.

वर्षभरानं शीट परत उघडायची. ते लेखाशीर्ष वहीत आहे ना, अर्थसंकल्पाच्या पुस्तकात त्या ओळीसमोर हे आकडे मिळतील, आधीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढचा अंदाज. आणि पावसाळी, हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांत तेच लेखाशीर्ष शोधायचं. तिथं दिसलं तर समजा मूळ तरतूद पुरली नाही, मग आपलं २२ ते ३२ मधलं कुठलं टोक खरं व्हायला लागलंय ते कळतं. एक लक्षात ठेवा, मार्च महिन्यात क्लेम थकवून ठेवले की ते वर्ष स्वस्त दिसतं आणि पुढचं महाग. त्यामुळे एका वर्षावरून काही ठरवू नका, दोन वर्षांची बेरीज घ्या, आणि जमलं तर एखाद्या हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारा की बिल किती महिन्यांचं अडकलंय. ते पोरगं तारखेसकट सांगतं.